विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वरून थेट २०२५ वर जाता येतं का?

प्रश्न:
एकच डोमेन कंट्रोलर (नेटवर्कमधली लॉगिन आणि परवानग्या सांभाळणारा सर्व्हर) आणि वेगळा फाइल सर्व्हर, दोन्ही २०१२ आर२ वर. मधल्या आवृत्त्या टाळता येतील का?

उत्तर १:
फाइल सर्व्हर थेट नेता येईल. २०२५ वर येताना एका वेळी चार आवृत्त्या ओलांडता येतात, पूर्वी मर्यादा दोनची होती. कोअर (फक्त कमांड लाइन) की डेस्कटॉप (नेहमीची विंडोजची स्क्रीन) हे मात्र अपग्रेडमध्ये बदलत नाही; ते बदलायचं तर नव्याने इन्स्टॉल करा.

उत्तर २:
डोमेन कंट्रोलरचं गणित वेगळं आहे. २०२५ चा कंट्रोलर जोडायला फंक्शनल लेव्हल (डोमेनमध्ये कोणत्या आवृत्तीपर्यंतच्या सुविधा चालू आहेत ती पातळी) किमान २०१६ लागते, आणि २०१२ आर२ चा कंट्रोलर असेपर्यंत ती चढवता येत नाही. म्हणून आधी २०२२ चा नवा कंट्रोलर जोडा, पाचही एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) त्याच्याकडे द्या, जुना डिमोट करा (कंट्रोलरच्या कामातून काढा), मग लेव्हल वाढवा.
सगळ्यात आधी सिसव्हॉलचं (कंट्रोलरांमधल्या सामायिक फोल्डरचं) रेप्लिकेशन, म्हणजे त्याच्या प्रती सारख्या ठेवण्याची पद्धत, तपासा. ते अजून एफआरएस या जुन्या पद्धतीवर असेल तर २०२२ चा कंट्रोलर जोडलाच जाणार नाही. डीएफएसआर या नव्या पद्धतीवरचं स्थलांतर शेवटच्या ‘एलिमिनेटेड’ अवस्थेपर्यंत पूर्ण करा.

उत्तर ३:
२०२२ वरच थांबलात तरी चालेल, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०३१ पर्यंत आहे. २०१२ आर२ चा विस्तारित सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपला, तेव्हा कंट्रोलर आधी हलवा.