मदत हवी आहे: व्हर्जिनिया-ऑबर्न २०१९ मधला न दिलेला डबल ड्रिबल नेमका कसा समजावायचा?

मधलीरेषा

नव्या पंचांच्या वर्गात दाखवायला एक क्लिप निवडली आहे, पण ती दाखवण्याआधीच शिकवणाऱ्यांमध्ये दोन तट पडलेत. जाणकारांनी मदत करावी.

सामना अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या फायनल फोरचा (म्हणजे उपांत्य फेरीचा), ६ एप्रिल २०१९, मिनियापोलिस. व्हर्जिनियाने ऑबर्नला ६३-६२ असं हरवलं. वाद शेवटच्या दहा सेकंदांचा आहे. व्हर्जिनियाच्या काइल गाइच्या थ्रीनंतरही (तीन गुणांच्या शॉटनंतरही) ऑबर्न ६१-६० ने पुढे. ऑबर्नच्या जॅरेड हार्परला दोन फ्री थ्रो मिळाले, त्यातला एकच आत गेला, ६२-६०. मग व्हर्जिनियाचा टाय जेरोम बॉल घेऊन वर येत होता. पाठीमागून ड्रिबल घेताना बॉल त्याच्याच पायावर आपटून निसटला. त्याने तो धरला आणि परत ड्रिबल सुरू केला, म्हणजे डबल ड्रिबल: संपलेला ड्रिबल पुन्हा सुरू करणं. शिट्टी नाही. पुढे ऑबर्नच्या ब्राइस ब्राउनने जेरोमला फाऊल केला तेव्हा घड्याळात १.५ सेकंद होते. त्या थ्रो-इनवर (रेषेबाहेरून बॉल आत टाकताना) काइलने कोपऱ्यातून थ्री मारला, ऑबर्नचा समीर डाउटी त्याला धडकला, बॉल हुकला, पण फाऊल दिला गेला. ०.६ सेकंद शिल्लक, तीन फ्री थ्रो, तिन्ही आत.

माझे प्रश्न:
बॉल स्वतःच्या पायाला लागला की ड्रिबल संपतो का? ब्राउनचा हात लागला असेल तर निर्णय बदलतो का? एवढा मोठा सामना, मॉनिटर शेजारीच, मग पाहून दुरुस्त का केलं नाही? आणि शेवटचा फाऊल द्यायलाच हवा होता का?
आपली मुलं फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांवर शिट्टी वाजवतात, तेव्हा फिबात काही वेगळं असेल तर तेही सांगा.

ट्रेलपंच

पहिल्या प्रश्नावर बहुतेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बॉल पायाला लागणं हा गुन्हा नाही. ड्रिबल करताना बॉल टाचेवर, गुडघ्यावर आपटून उडाला तर ड्रिबल खंडित होतो, संपत नाही. खेळाडू धावत जाऊन त्याच बॉलला एका हाताने पुन्हा खाली ढकलू शकतो. तो तोच जुना ड्रिबल.

ड्रिबल संपतो तो पुढच्या क्षणाला. बॉल एका किंवा दोन्ही हातांत विसावला, किंवा दोन्ही हात एकाच वेळी बॉलला लागले, की संपला. त्यानंतर पास, शॉट किंवा पिव्होट (एक पाय रोवून वळणं), एवढंच उरतं. जेरोमने निसटलेला बॉल दोन्ही हातांत घेतला आणि मग पुन्हा जमिनीवर टाकला. तिथे डबल ड्रिबल झाला. स्लो मोशनमध्ये दोन्ही पंजे बॉलच्या दोन बाजूंना स्पष्ट दिसतात. माझ्या मते यात वाद नाही, शिट्टी सुटली.

तेव्हा मुलांना "बॉल कुठे आपटला" हे विचारू नका. "हात कधी लागले, किती लागले" हे विचारा.

पिव्होट

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, बदलतो.

संपलेला ड्रिबल पुन्हा सुरू करायची मुभा तीनच वाटांनी मिळते. मध्ये शॉट मारलेला असेल, प्रतिस्पर्ध्याच्या स्पर्शाने बॉल सुटला असेल, किंवा पास वा निसटलेला बॉल दुसऱ्या कुणा खेळाडूला लागून आला असेल. म्हणजे ब्राउनने बॉलला बोट लावून तो उडवला असता, तर जेरोमने तो दोन हातांनी उचलून पुन्हा ड्रिबल करणं पूर्ण कायदेशीर होतं. फिबाच्या २४व्या कलमातही याच तीन वाटा आहेत.

पण रिप्लेत बॉल जेरोमच्या पायावरून उडालेला दिसतो. ब्राउनचा हात दिसतो तो जर्सीवर, आणि इथे लोक गफलत करतात. जर्सी ओढणं म्हणजे बॉलला स्पर्श नव्हे. त्याने नव्या ड्रिबलची परवानगी मिळत नाही.

कोर्ट_क्रमांक_दोन

@पिव्होट, पटलं, पण जर्सीचा मुद्दा एवढ्यावर सोडू नका. ती ओढ आधी झाली आहे. तिची शिट्टी वाजली असती तर बॉल तिथेच मृत झाला असता आणि डबल ड्रिबल घडलाच नसता. ऑबर्नचे चाहते एका सुटलेल्या शिट्टीबद्दल बोलतात, व्हर्जिनियाचे त्याआधीच्या दुसऱ्या. क्रमाने पाहिलं तर दोन्ही खऱ्या आहेत.

त्यात भर म्हणजे ऑबर्नला फाऊल करायचाच होता. त्यांच्या खात्यात फाऊल शिल्लक होते. कॉलेजच्या पुरुषांच्या सामन्यात एका हाफमधल्या सातव्या सांघिक फाऊलपासून बोनस (फ्री थ्रो) लागतो, तोवरच्या साध्या फाऊलवर फक्त थ्रो-इन मिळतो. दोन गुणांची आघाडी असलेला संघ अशा वेळी मुद्दाम फाऊल करून प्रतिस्पर्ध्याचे सेकंद खातो. पंचांनी हे आधीच मनात धरायला हवं: शिल्लक किती, कुणाचे, आणि पहिला खरा संपर्क झाला की लगेच शिट्टी. ती उशिरा आली की बचाव करणारा आणखी जोरात पकडतो, ड्रिबल करणारा धडपडतो आणि असा गुंता होतो.

ती शिट्टी वाजली असती तर व्हर्जिनियाला बाजूने थ्रो-इन मिळाला असता, १.५ पेक्षा जास्त वेळ मिळाला असता आणि ऑबर्नचा शिल्लक फाऊल खर्ची पडला असता. म्हणजे "डबल ड्रिबल दिला असता तर ऑबर्न फायनलला" हे गणित इतकं सरळ नाही.

ट्रेलपंच

सहमत. आणि नुसता डबल ड्रिबल दिला असता तरी सामना संपत नव्हता. सर्वांत जवळच्या जागेवरून ऑबर्नला थ्रो-इन, मग व्हर्जिनियाचा फाऊल, मग ऑबर्नचे फ्री थ्रो. थोड्याच वेळापूर्वी हार्परने दोनातला एकच केला होता. ऑबर्नची शक्यता प्रचंड वाढली असती, एवढं नक्की म्हणता येतं.

मधलीरेषा

खूप मदत झाली. पण तीन पंच असताना एकालाही दोन हात कसे दिसले नाहीत? वर्गात हा प्रश्न हमखास येणार.

शिट्टी_आणि_बोट

तिघांच्या जागा ठरलेल्या: ट्रेल बॉलच्या मागे, लीड पुढे, सेंटर बाजूला. बॉल अर्धरेषेच्या आसपास असताना त्यावर नजर मुख्यतः ट्रेलची असते. लीड पुढे बेसलाइनकडे निघालेला असतो, सेंटर मधल्या आणि पलीकडच्या खेळाडूंवर असतो. म्हणजे व्यवहारात डोळ्यांची एकच जोडी.

आता त्या जोडीला काय दिसतं ते कोर्टवर उभं राहून बघा. एक मुलगा ड्रिबल करतोय, दुसरा त्याच्या कमरेला चिकटून धावतोय, आणि तुम्ही दोघांच्या सरळ रेषेत मागे आहात. पुढच्याची पाठ आणि चिकटलेल्याचा खांदा यांत बॉल गायब होतो. तुम्हाला कोपर हलताना दिसतं, पंजे दिसत नाहीत. दोघांच्या मधली फट दिसायला दोन-तीन पावलं आडवी टाकावी लागतात, आणि ती बॉल निसटायच्या आधी टाकावी लागतात. निसटल्यावर हललात तर उशीर झाला.

त्या रात्री सीबीएसचे नियम-विश्लेषक जीन स्टेरटोर, जे स्वतः कॉलेज बास्केटबॉलचे पंच होते, त्यांचंही म्हणणं साधारण असंच होतं: स्लो मोशनमध्ये उघड, पण दोन्ही हातांचा ताबा शंभर टक्के दिसल्याशिवाय पंच हा कॉल देऊ शकत नाही, आणि मागे लागलेल्या बचावपटूमुळे तो वेगात दिसणं कठीण. मला हे पटतं. अंदाजाने दिलेला डबल ड्रिबल हा न दिलेल्यापेक्षा वाईट, कारण तो नसलेली चूक निर्माण करतो.

पिव्होट

मॉनिटरचं राहिलं. थोडक्यात: पाहायची परवानगीच नव्हती.

शॉट घड्याळ संपण्याआधी सुटला का, दोनाचा की तीनाचा, घड्याळाची चूक, फ्लॅग्रंट (गंभीर) फाऊल, शेवटच्या दोन मिनिटांत बॉल बाहेर कुणाला लागून गेला, अशा ठरावीक गोष्टीच मॉनिटरवर पाहता येत होत्या. डबल ड्रिबल, ट्रॅव्हल (बॉल धरून जादा पावलं), साधा फाऊल या यादीत नाहीत. "दुरुस्त करता येण्याजोग्या चुका" म्हणून वेगळा नियम आहे, पण तो फ्री थ्रो आणि गुणांच्या नोंदीपुरता: हक्काचा फ्री थ्रो दिला नाही, नको तो दिला, चुकीच्या खेळाडूने मारला, चुकीच्या बास्केटवर मारला, गुण चुकीने धरले वा रद्द केले. न वाजलेली शिट्टी त्यात बसत नाही.

२०२५-२६ पासून पुरुषांच्या कॉलेज सामन्यांत प्रशिक्षकाला चॅलेंज मिळालं आहे. तेही बॉल कुणाला लागून बाहेर गेला, बास्केट इंटरफिअरन्स किंवा गोलटेंडिंग (बास्केटजवळच्या बॉलला बेकायदा हात लावणं), आणि दुय्यम बचावपटू बास्केटखालच्या अर्धवर्तुळात होता का, एवढ्यासाठीच. म्हणजे हा नियम तेव्हा असता तरी ऑबर्नचे त्या वेळचे प्रशिक्षक ब्रूस पर्ल यांना हे चॅलेंज वापरता आलं नसतं. मुलांना हे जरूर सांगा, नाहीतर "आता तंत्रज्ञान आहे" असा समज पक्का होतो.

रेषेबाहेर

मला शेवटचा फाऊल अजूनही पटत नाही. विजय ठरवणाऱ्या शॉटवर, ०.६ सेकंद असताना, एवढ्याशा स्पर्शाला? खेळाडूंनीच ठरवू द्यायला हवं होतं. आणि शिट्टी केवढी उशिरा आली, ऑबर्नची पोरं आनंदाने नाचायला लागली होती.

शिट्टी_आणि_बोट

@रेषेबाहेर, तुमचं दुःख समजतं. ऑबर्न पहिल्यांदाच फायनल फोरला आली होती. पण क्लिप कमरेखाली बघा.

डाउटीचे हात सरळ वर आहेत, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की त्याने काही केलं नाही. हात निर्दोष असून भागत नाही. बचावपटूने आपल्या जागेवर सरळ वर उडी मारली तर ती जागा त्याची. डाउटी उडी मारताना पुढे सरकला आणि काइल हवेत असतानाच त्याच्या कमरेजवळ धडकला. हवेतल्या शूटरला सुखरूप जमिनीवर उतरायचा हक्क असतो आणि तो उतरेपर्यंत शूटरच असतो, बॉल हातातून सुटला असला तरी. सामन्यानंतर अमेरिकेच्या कॉलेज पंचप्रमुखांनी, जे. डी. कॉलिन्स यांनी, चौथ्या नियमाचं ३९वं कलम देऊन हेच सांगितलं: बचावपटू हवेतल्या शूटरच्या अंगावर गेला आणि त्याची नीट उतरण्याची जागा हिरावली.

शिट्टी उशिरा आली, कारण ती तशीच यायला हवी. थ्रीवरचा संपर्क सुरुवात, हवेतला भाग आणि उतरणं असा पूर्ण पाहायचा असतो. बॉल सुटताच नजर बास्केटकडे वळवणारा पंच नेमका हा फाऊल गमावतो.

आणि "अशा वेळी देत नाहीत" असं कलम कुठल्याही नियमपुस्तकात नाही. हाच धक्का बाराव्या मिनिटाला फाऊल असेल तर चाळिसाव्यालाही आहे.

रेषेबाहेर

कमरेखाली पाहिलं. ठीक आहे, फाऊल मान्य. डबल ड्रिबलची हळहळ मात्र राहणार.

कोर्ट_क्रमांक_दोन

ती राहणारच, आणि राहायलाही हवी. फाऊल बरोबर होता म्हणून आधीची सुटलेली शिट्टी बरोबर ठरत नाही. दोन्ही एकत्र कालवू नका एवढंच. आणि काइलचंही श्रेय त्याला द्या. पहिले दोन फ्री थ्रो आत गेल्यावर ऑबर्नने त्याला थंड करायला टाइमआउट घेतला, तरी तिसरा आत. दोन दिवसांनी व्हर्जिनियाने टेक्सास टेकला जादा वेळेत ८५-७७ हरवून विजेतेपद घेतलं.

मधलीरेषा, फिबातले फरक असे. सांघिक फाऊल हाफऐवजी क्वार्टरमध्ये मोजतात, चार झाले की पाचव्यापासून थेट दोन फ्री थ्रो, वन-अँड-वन (पहिला आत गेला तरच दुसरा) नाही. २०२२ पासून शेवटच्या दोन मिनिटांत थ्रो-इनचा बॉल हातातून सुटण्याआधी बचाव करणाऱ्याने फाऊल केला तर एक फ्री थ्रो आणि बॉलही परत, म्हणजे घड्याळ सुरू होण्याआधीच मुद्दाम फाऊल करायची वाट महाग पडते. वेळेचाही बारीक फरक आहे: फिबात ०.३ सेकंद असले तर बॉल पकडून शॉट मारता येतो, अमेरिकन कॉलेजमध्ये ०.३ ला फक्त टॅप (न पकडता हाताने ढकलणं) चालतो, पकडून मारायला ०.४ लागतात.

मधलीरेषा

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं: क्लिप कशी दाखवू? आधी स्लो मोशन की आधी वेगात?

ट्रेलपंच

आधी पूर्ण वेगात, एकदाच, एकाच कोनातून, आवाज बंद करून. समालोचकाचा सूर ऐकला की मुलं त्याच्या मागे जातात. क्लिप थांबताच पाच सेकंदांत प्रत्येकाने कागदावर लिहायचं: शिट्टी आहे की नाही, असल्यास कशाची. कागद गोळा करा, मगच पुढे.

दुसऱ्यांदा अर्ध्या वेगात. यूट्यूबवर असाल तर थांबवून कीबोर्डवरच्या स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक चौकट मागे-पुढे नेता येते. चार जागी थांबा: जर्सीवर हात, पायावर बॉल, दोन्ही पंजे बॉलवर, पुढचा पहिला टप्पा. दर ठिकाणी एकच प्रश्न, "या क्षणी बॉल जिवंत आहे का, आणि ड्रिबल चालू आहे का?"

मग टीव्ही बंद करून कोर्टवर जा. दोन मुलांना तोच ड्रिबल हळू करायला लावा आणि बाकीच्यांना एकेक करून ट्रेलच्या जागी उभं करा. आधी सरळ रेषेत मागून, मग तीन पावलं बाजूला सरकून. ड्रिबल करणाऱ्याला सांगून ठेवा की दर वेळी मनाने ठरव, बॉल एका हाताने सावरायचा की दोन्ही हातांनी धरायचा. मागे उभ्या असलेल्याने ओळखायचं. एकेकाला दोन्ही जागांवरून दहा-दहा वेळा करू द्या आणि किती बरोबर आले ते फळ्यावर त्याच्या नावापुढे लिहा.