सॉफ्टवेअरचं नाव आलं की दरवेळी टीएम, म्हणजे ट्रेडमार्कचं चिन्ह, लावायचं का?

प्रश्न
एका नावाजलेल्या एडिटर सॉफ्टवेअरसाठी छोटं प्लगिन (त्याला जोडून वापरायचा प्रोग्रॅम) लिहिलंय, फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. लोकांना शोधताना पटकन सापडावं म्हणून नावाची सुरुवातच त्या एडिटरच्या नावाने केली, तर नाव बदला म्हणून त्या कंपनीची मेल आली. तेव्हापासून इतका धसका घेतलाय की मॅन्युअलमध्ये जिथे तिथे टीएम लावत सुटलोय, पहिल्याच पानावर अकरा वेळा झालं आणि वाक्य धड वाचताही येत नाही. नक्की करायचं काय?

उत्तर १
टीएम सगळे काढून टाका. ते चिन्ह मालकाने आपल्या नावाला लावायचं, दुसऱ्याने लिहिताना लावलंच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही. कंपन्यांच्या गाइडलाइन असतात, त्या वेगळ्या. अ‍ॅडोबी सांगतं 'फोटोशॉप केला' म्हणू नका, फोटोशॉप सॉफ्टवेअर वापरून फोटो सुधारला असं लिहा. त्यांची भीती खरी आहे, नाव सर्रास शब्द झालं की हक्क जातो, एस्कलेटर हा अमेरिकेत ओटिस कंपनीचा ट्रेडमार्क होता तो १९५० मध्ये असाच गेला. पण म्हणून आपण बोलायची भाषा का बदलायची? मला तरी पटत नाही.

उत्तर २
लिहिण्याचं ठीक आहे पण प्लगिनच्या नावाचं मात्र मनावर घ्या. तुमचं नाव आधी आणि मग 'अमुक एडिटरसाठी', म्हणजे ते त्यांनीच काढलंय असं कुणाला वाटत नाही, सगळी मेख तिथेच आहे. आणि ओपन सोर्स आहे म्हणून नावही मोकळं असं धरून चालू नका. डेबियन या लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी फायरफॉक्स ब्राउझरमध्ये स्वतःचे पॅच (कोडमधले बदल) घातले होते, त्याचा लोगोही वापरत नव्हते, फायरफॉक्स बनवणारं मोझिला म्हणालं मग हे नाव वापरता येणार नाही. २००६ मध्ये त्याचं आइसवीझल झालं ते थेट २०१६ मध्ये परत फायरफॉक्स. कोड सगळा खुला, अडलं ते नावावर!

उत्तर ३
'युनिक्ससारखी सिस्टिम' हा शब्दप्रयोगही त्यातलाच बघा. युनिक्स हे ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव म्हणजे ओपन ग्रुप या संस्थेचा ट्रेडमार्क, त्यांचं सर्टिफिकेट असेल तरच ते नाव लावायचं, म्हणून लिनक्सबद्दल लिहिताना लोक 'सारखी' जोडतात.

प्रश्नकर्ता
धन्यवाद मंडळी. टीएम सगळे काढले, नाव पण उलटं केलं, आता 'साठी' मध्ये आहे. आयकॉनमध्ये त्यांच्या लोगोचाच रंग आणि आकार घेतलाय, तो पण बदलू का?

उत्तर २
हो, तो आधी बदला.