कापसाच्या गाद्या, गोधड्या, रजया : नवतप्याच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) आधी काय धुवावं, काय नुसतं उन्हात टाकावं? (नागपूर)

रोहिणी_मानेवाडा
नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे पण वाचा प्लीज. माझ्या धाकट्याला (वय ५) सकाळी उठल्या उठल्या शिंकांवर शिंका, नाक गळणं, डोळे चोळणं सुरूच असतं. डॉक्टरांनी टेस्ट करून डस्ट माइटची अलर्जी सांगितली अन म्हणाले औषध देतो पण आधी अंथरूण-पांघरूण नीट करा. आता आमच्या घरी काय काय आहे ते सांगते. तीन कापसाच्या गाद्या, सासूबाईंनी हाताने शिवलेल्या चार गोधड्या (जुन्या नऊवारीच्या, जीव आहे त्यांचा त्यात), दोन कापसाच्या रजया, सोलापुरी चादरी, अन आमच्या बेडवर मेमरी फोमची गादी. मशीन साधी टॉप लोड, हीटर नाही. पाणी बोरिंगचं, भयंकर जड. धाकटा अजून कधी कधी अंथरूण ओलं पण करतो. त्यात जूनमधे नणंद बाळंतपणाला येऊन राहिली म्हणजे तान्हं बाळ पण असेल घरात. कुठून सुरुवात करू अन काय काय धुवू? पावसाळा लागायच्या आधी सगळं आटपायचं आहे.

अनघा_प्रतापनगर
ताई आमच्याकडे मोठीला हेच होतं त्यामुळे यावर बरंच वाचलंय अन डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलंय. माइट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव, मिलिमीटरच्या पाव-तिसऱ्या भागाएवढे. चावत नाहीत. आपल्या अंगाची जी कातडी झडते ती खातात अन अंथरुणात राहतात. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा, म्हणून नुसते मारून भागत नाही, धुऊन काढावं पण लागतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक म्हणजे ६० डिग्रीच्या पाण्यात ते मरतात, गार पाण्यात मरत नाहीत पण गार पाण्याने सुद्धा त्यांची घाण बरीचशी निघून जाते, म्हणजे गार धुणं वाया नाही. दुसरं म्हणजे त्यांना प्यायला पाणी लागत नाही, हवेतला ओलावाच शोषतात. हवा बरेच दिवस ५० टक्क्यांच्या खाली कोरडी राहिली की हळूहळू सुकून मरतात.

मशीनला हीटर नसला तरी चालतं. चादर, अभ्रे, पांघरायची पातळ चादर हे आठवड्यातून एकदा बादलीत चांगल्या कढत पाण्यात बुडवा, गिझरचं पाणी बहुतेक तेवढं तापत नाही म्हणून त्यात गॅसवर तापवलेलं एक पातेलं घाला, पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा अन मग मशीनला लावा. पोरं जवळ नसताना करा हे. त्याच्यासाठी साध्या पांढऱ्या किंवा फिक्या सुती चादरी घ्या, गरम पाण्याला टिकतात.

इतवारीच्या_काकू
बाळा, कापसाची गादी धुवायची नाही म्हणजे नाही. अन रजई पण नाही. आतला कापूस भिजला की गोळे होतात, मधे पोकळ अन कडेला ढिगारा. वरून वाळल्यासारखी वाटते पण पोटात ओल राहते अन मग तो कुबट वास जन्मभर जात नाही. धुवायची ती खोळ. रजईला पण वरून मांजरपाटाची खोळ शिव, एका बाजूला नाड्या ठेव म्हणजे दर महिन्याला काढून धुता येते. कापड गांधीबागेत ठोकात स्वस्त मिळतं, गादीसाठी गादीपाटच घे, दाट विणीचा.

गाद्या जुन्या झाल्या असतील तर पिंजाऱ्याला बोलाव. अजून येतात आपल्या इकडे, मे महिन्यात गल्लीत आवाज देतात. तो गादी उसवतो, कापूस पिंजतो, त्यातली सगळी धूळ उडून जाते अन जुना कुजका कापूस बाजूला काढून नवा घालता येतो. त्या दिवशी पोराला मात्र आजीकडे पाठव, लई धूळ उडते. मी तर म्हणते जिथे शिंकांचा त्रास आहे तिथे नवी गादी घेण्यापेक्षा पिंजून, नवी खोळ चढवून घ्यावी. अर्ध्या पैशात होतं अन झोप पण चांगली लागते.

वैभव_त्रिमूर्तीनगर
काकू बरोबर बोलून राहिल्या. फक्त नवतप्यात गाद्या गच्चीवर टाका सगळे किडे मरतील, विषय संपला.

अनघा_प्रतापनगर
वैभव दादा, पूर्ण संपत नाही हो. ४५ डिग्रीचं ऊन असलं तरी कापूस उष्णता आत जाऊ देत नाही, वरचा थर तापतो अन माइट खालच्या गार भागात सरकतात. म्हणून एकाच बाजूने दिवसभर ठेवू नये, तीन-चार तासांनी उलटावी, अन असं एकच दिवस नाही तर लागोपाठ काही दिवस करावं. उन्हाचा खरा फायदा गादी आतपर्यंत कोरडी होण्यात आहे. मेमधे आपल्याकडची दुपारची हवा इतकी कोरडी असते की मुंबई-कोकणवाल्यांना असं वाळवण स्वप्नात पण मिळणार नाही, त्याचा उपयोग करून घ्यावाच. अन शेवटी काठीने झोडपायची किंवा व्हॅक्यूम करायचा, कारण मेलेले किडे अन विष्ठा आतच असते. झोडपताना तोंडाला रुमाल बांधा अन अलर्जीवाल्या मुलाला गच्चीवर येऊ देऊ नका.

संत्रानगरी_७
एक गोष्ट कोणी बोललंच नाही, कूलर!! आपल्याकडे मार्च ते जून रात्रभर कूलर चालतो, खोलीत अक्षरशः ओलसर हवा भरलेली असते अन सकाळी चादरीला हात लावला की दमट लागते. बाहेर सगळं रखरखीत पण बिछान्यात मात्र माइटला पाहिजे तसा ओलावा. बेड कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे ओली हवा बाहेर जाते, अन सकाळी उठल्यावर लगेच अंथरूण घडी घालून दिवाणात कोंबू नका. चादर ओढून टाका, गादी तासभर उघडी राहू द्या, पंखा लावा, मग घड्या. आमच्याकडे फक्त एवढ्याने वास गेला.

मिलिंद_जरीपटका
बोरिंगच्या पाण्याबद्दल सांगतो, माझं कामच पाण्याचं आहे. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, साबणाची वडी लावली की त्याचा चिकट साका तयार होतो अन तो कापडात बसतो. त्यानेच चादरी कडक अन करड्या होतात, मग लोक अजून पावडर टाकतात अन अजून कडक होतात. वडी सोडा, डिटर्जंट पावडर किंवा लिक्विड वापरा, आधी बादलीत मूठभर धुण्याचा सोडा विरघळवा (खायचा सोडा नाही), मग कपडे टाका. रेशीम, लोकर सोड्यात घालू नका, ती रिठ्याच्या पाण्यात. नळाचं पाणी कन्हान-पेंचचं येतं ते बोरिंगपेक्षा बरंच हलकं असतं, तेव्हा ते येत असेल तर निदान शेवटचं खळबळणं तरी नळाच्या पाण्यात करा. अलर्जीवाल्या मुलाच्या चादरीत साबण उरता कामा नये, दोनदा खळबळा.

रोहिणी_मानेवाडा
बापरे किती छान सांगितलं सगळ्यांनी, कूलरचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आता गोधड्यांचं सांगा ना, त्या मशीनला लावायची हिंमत होत नाही. अन मेमरी फोम पण उन्हात टाकू का? आणि ओलं केलेल्या गादीचं काय?

इतवारीच्या_काकू
गोधडी धुता येते, तिच्यात कापूस नाही, लुगड्यांचे थरच आहेत. पण एकेक कर. आधी एक कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पहा, जुन्या लाल-हिरव्या लुगड्याचा रंग सुटतो. सुटत असला तर गार पाणी अन रिठा, दुसरं काही नाही. मोठ्या टबात भिजव अन पायाने तुडव, ब्रश मारू नको, मोगरीने तर मुळीच बडवू नको, टाके तुटतात. पिळायची नाही, टबाच्या काठावर टाकून पाणी निथळू दे. मग दोरीवर लोंबकळत ठेवण्यापेक्षा खाटेवर आडवी पसर, पाण्याच्या वजनाने जुनं कापड फाटतं. सकाळी लवकर टाकलीस तर मेमधे संध्याकाळपर्यंत वाळते. रंग जपायचा तर उलटी बाजू वर ठेव. सासूबाईंना विचारून कर पण, त्यांना माहीत असेल कुठला टाका कच्चा आहे ते.

अनघा_प्रतापनगर
मेमरी फोम उन्हात अजिबात नाही, पिवळा पडून भुसभुशीत होतो. पाणी पण नाही, आत गेलं की लवकर वाळत नाही. सावलीत, वाऱ्यावर उभा करा अन व्हॅक्यूम फिरवा. त्यावर अन मुलाच्या गादीवर, उशीवर पूर्ण बंद होणारं चेनचं अलर्जी कव्हर घाला, म्हणजे सगळ्या सहा बाजूंनी बंद. घेताना विणीतली छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा बारीक आहेत ना ते विचारा. तुमचं बजेट एकाच गोष्टीचं असेल तर हे घ्या, बाकी सगळं घरच्या घरी होतं.

शी-सू चं : आधी सुक्या कपड्याने दाबून टिपा, मग गार पाणी. गरम पाणी आधी टाकू नका, डाग पक्का बसतो. एन्झाइमवाली पावडर गार-कोमट पाण्यात कालवून लावा, अर्ध्या तासाने पुसा अन पंखा किंवा ऊन. ब्लीच कधीच नाही, लघवीवर ब्लीच पडलं की विषारी वायू सुटतो. गादीवर खाली रबर शीट अन वर सुती चादर.

अन मऊ खेळणी असतील ना त्याच्या उशाशी? ती पिशवीत बांधून डीप फ्रीझरमधे २४ तास ठेवा अन मग धुवा. गरम पाणी न चालणाऱ्या वस्तूंना हाच उपाय.

रोहिणी_मानेवाडा
आहेत ना, एक ससा अन दोन अस्वलं, ससा तर पोट्टा सोडतच नाही. शेवटचा प्रश्न, रजया आता ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत दिवाणात जातील, त्यात डांबरगोळ्या टाकते दरवर्षी. चालेल ना?

मिलिंद_जरीपटका
ताई, तान्हं बाळ येणार आहे तर डांबरगोळ्या टाकू नका. त्यातल्या नॅप्थलीनमुळे जी-सिक्स-पीडी (लाल पेशींना जपणारं एक एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात अन कावीळ होते, अन बाळाला हे आहे की नाही ते आधी कळत नसतं. आधी ठेवलेल्या दुपट्यांत, झबल्यांत गोळ्या असतील तर काढा, कपडे धुऊन दोन-चार दिवस वाऱ्यावर टाका. रजयांत वाळवलेला कडुलिंबाचा पाला पातळ कापडात बांधून ठेवा. अन उन्हातून काढलेली रजई लगेच बंद करू नका, खोलीत पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर गरम हवेतली वाफ पेटीत घाम धरते. दिवाण बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर पावसाळ्यात भिंत ओली होते, वीतभर पुढे ओढा.

इतवारीच्या_काकू
अन श्रावणात एक दिवस चांगलं ऊन पडलं की सगळं पुन्हा बाहेर काढ, दोन तास पुरेत. पिंजारी पाहिजे असेल तर सकाळी आठच्या आत शोध, नंतर तो एखाद्याच्या अंगणात बसला की दिवसभर मिळत नाही.