बोस्निया : डेटन करारानं लोकशाही आली की फूट पक्की झाली?

मृण्मयी_एमए :
बोस्नियातलं युद्ध थांबवणाऱ्या डेटन करारावर (१९९५) टिपण लिहायचं आहे. तिथले तीन मुख्य समाज म्हणजे बोस्निअ‍ॅक (बोस्नियाचे मुस्लिम), क्रोएट, सर्ब; त्यांचा एकेक असे तीन जण मिळून राष्ट्राध्यक्ष, आठ-आठ महिन्यांनी पाळी बदलते, आणि आपल्या समाजाच्या हिताला धक्का बसतोय वाटलं तर कुणीही निर्णय अडवू शकतो. पुस्तकात हे छान दिसतं. तिथल्या साध्या माणसाला याचा काय फायदा झाला? तिकडे राहिलेलं कुणी आहे का इथे?

निवृत्त_खाकी :
मी होतो. संयुक्त राष्ट्रांच्या पोलिस दलात भारतातूनही अधिकारी जात, त्यात माझा नंबर लागला. शस्त्र नाही, फक्त स्थानिक पोलिसांवर देखरेख.

मृण्मयी, या वाटपानं युद्ध थांबलं हे टिपणात आधी लिहा. लाखभर माणसं गेली होती, ती आकड्यात विरघळू देऊ नका. आता नंबरप्लेटची गोष्ट. करारानं देशाचे दोन भाग केले. मधल्या रेषेवर ना फाटक, ना पहारा. तरी गाड्या ओलांडत नसत, कारण प्लेट बघूनच गाडी कुठल्या बाजूची ते कळायचं. पलीकडे आपलं घर उभं आहे का, एवढंच बघायला एक म्हातारे गृहस्थ आमच्या गाडीतून नेण्याची विनवणी करायचे. पुढाऱ्यांचं एकमत होईना. शेवटी १९९८ मध्ये, करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीच्या कार्यालयानं नव्या प्लेट लागू केल्या : लॅटिन आणि सर्बांकडची सिरिलिक, दोन्ही लिप्यांत सारखीच दिसणारी अक्षरं, गावाचा पत्ता नाही. बघता बघता रस्ते वाहू लागले. ते गृहस्थ मग स्वतःच्या गाडीनं गेले.

लोकांना हवं होतं ते त्यांच्याच निवडून दिलेल्या माणसांनी दिलं नाही, बाहेरच्यानं दिलं. याचा मला आजही त्रास होतो. आपला मतदार घाबरलेला राहिला तरच आपली खुर्ची शाबूत, असं गणित ज्या व्यवस्थेत बसतं, तिथे पुढारी भीती कमी कशाला करतील?

सह्याद्रीकर :
काका, पण नुसत्या बहुमतावर सोडलं असतं तर लहान समाज चिरडले गेले असते. हमी नको का?

निवृत्त_खाकी :
हवीच. पण ती कुणाला मिळाली ते बघा. बोस्नियाचेच दोन नागरिक : देर्वो सेज्दिच रोमा (जिप्सी) समाजाचे, याकोब फिंची ज्यू. दोघांनाही राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहता येत नाही, कारण ते तिघांपैकी कुणातच मोडत नाहीत. २००९ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं हा भेदभाव ठरवला, तरी राज्यघटना बदललेली नाही. सर्ब सदस्य फक्त रिपब्लिका सर्प्स्कामधूनच, म्हणजे त्या दोन भागांपैकी सर्बांच्या भागातूनच, निवडला जातो. म्हणजे दुसऱ्या भागातल्या सारायेव्होत, राजधानीत, राहणारा सर्बही बाद! माणूस आधी कुठल्या तरी गटाचा, मग नागरिक. माझं भांडण आहे ते याच्याशी.

मृण्मयी_एमए :
मग आतून बदलाची काहीच आशा नाही का, काका?

निवृत्त_खाकी :
आहे. यायत्से गावाबद्दल वाचा. बोस्निअ‍ॅक आणि क्रोएट मुलांना वेगळं करून नवी शाळा काढायचा घाट घातला होता. कितीतरी ठिकाणी एकाच इमारतीत दोन शाळा, दोन अभ्यासक्रम चालतात. यायत्सेच्या मुलांनी मात्र एकत्र मोर्चे काढले आणि २०१७ मध्ये सरकारला माघार घ्यायला लावली. टिपणात त्यांना निदान एक परिच्छेद द्याच.