थंडीत रस्त्यावर झोपणाऱ्यांना काय द्यावं? (बजेट तुटपुंजं, सल्ला हवा)

पहाटवारा
नमस्कार मंडळी. आम्ही कॉलेजच्या मुलामुलींनी आठवड्यातून एक रात्र रस्त्यावर झोपणाऱ्यांना जेवण आणि गरम कपडे द्यायचं ठरवलंय. साधारण 40 माणसं आहेत. वर्गणीत माणशी एकच वस्तू बसते, तीही साधीच. ब्लँकेट, स्वेटर की आणखी काही? जेवण घरून शिजवून न्यायचा विचार आहे. कृपया बजेट लक्षात ठेवून सुचवा.

जुना_ट्रेकर
स्लीपिंग बॅग. दुसरा विचारच नको. माझी अजून टकाटक आहे, बर्फात झोपलोय तिच्यात. स्वस्तातली मात्र घेऊ नका, किती तापमानापर्यंत चालते ते बघूनच घ्या.

पहाटवारा
दादा, दोन-तीन बॅगांतच आमची वर्गणी आटपेल.

जुना_ट्रेकर
मग कमी लोकांना द्या, पण चांगलं द्या.

शिवणटिपण
जाडजूड ब्लँकेट द्या आणि विषय संपवा. आमच्या ग्रुपने दिली होती, लोक एकदम खूश.

नाना_म्हणे
कसले खूश! आम्हीपण दिली होती. नंतर त्यातली बरीच भिजून फुटपाथच्या कडेला पडलेली दिसली. दिवसा ठेवणार कुठे? सकाळी हुसकावलं की माणूस सगळा संसार खांद्यावर घेऊन फिरतो. भिजलेलं जाड ब्लँकेट एकदा उचलून बघा, मग बोला. मी तेव्हापासून काही देत नाही, फक्त सल्ला देतो.

वॉर्डातली_ताई
पांघरुणाबद्दल सगळे बोलताहेत, अंथरुणाचं काय? जमीन अंगातली ऊब शोषून घेते, वरून कितीही पांघरा. कोरड्या पुठ्ठ्याचे दोन-तीन थर आणि ओल लागू नये म्हणून खाली प्लास्टिक, एवढ्यानेही बराच फरक पडतो. पुठ्ठा दुकानदार फुकट देतात.

दुसरं, मोजे. ओले मोजे दिवसेंदिवस पायात राहिले की कातडी पांढरी पडते, सुरकुतते, मग सोलवटते आणि जखमा चिघळतात. सुती मोजे पाणी धरून ठेवतात. लोकरीचे ओले झाले तरी थोडीफार ऊब देतात.

आणि घरचं जेवण नेणार असाल तर ते वाटेपर्यंत कढत राहिलं पाहिजे. 60 अंशांच्या खाली आलेलं शिजवलेलं अन्न दोन तासांवर ठेवू नये. भात तर अजिबात नाही, त्यात तयार होणारं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. बऱ्याच जणांचे दात गेलेले किंवा दुखरे असतात, तेव्हा मऊ काहीतरी न्या.

उंटावरचा_शहाणा
मोजे ठीक, पण खरी गोष्ट टोपी. निम्मी उष्णता डोक्यातून जाते, शाळेतलं पोरही सांगेल.

वॉर्डातली_ताई
पोर चुकीचं सांगेल. डोकं म्हणजे अंगाचा साधारण दहावा हिस्सा, उष्णताही जवळपास त्याच हिशोबात जाते. उघडं राहील तिथून ऊब जाते, म्हणून टोपी चांगलीच.

उंटावरचा_शहाणा
चांगलीच ना? मग मी काय वेगळं म्हटलं?

नाना_म्हणे
टोपीला +१. आणि थंडीत दोन घोट ब्रँडीला पर्याय नाही, जाणकारांनी समजून घ्यावे.

वॉर्डातली_ताई
नाना, कृपा करा. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. वरून उबदार वाटतं आणि आतली उष्णता बाहेर जाते.

मुलांनो, हे मात्र लक्षात ठेवा. थंडीने कुडकुडणारा माणूस ऊब न मिळताच कुडकुडायचा थांबला, जीभ जड झाली, बरळायला लागला तर जेवण बाजूला ठेवा आणि रुग्णवाहिका बोलवा. शरीराचं तापमान 35 अंशांखाली गेलं की जिवावरचं काम असतं. ती येईपर्यंत ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा. हातपाय चोळू नका.

जुना_ट्रेकर
बजेटचंच रडगाणं असेल तर चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट घ्या, चकचकीत पातळ प्लास्टिकचं असतं ते. खिशात मावतं.

कपबशी
त्यात झोपून बघितलंय का कधी? कूस बदलली की चुरचुर, आतून घामाने ओलं, आणि जरा ओढलं की टरकन फाटतं. अपघाताच्या वेळी ठीक, रोजच्या झोपेला नाही.

पहाटवारा, आधी त्या भागात आणखी कोण वाटप करतं ते विचारा. आम्ही पोचलो तेव्हा आमच्या आधीच कुणी जेवण देऊन गेलेलं. एका आजींनी पाकीट परत केलं आणि सेफ्टी पिन आहे का विचारलं. जाकिटाची चेन तुटली होती, पुढून वारा शिरत होता. ते जाकीटही कुणीतरी वाटलेलंच. बायकांसाठी पॅड न्या, ते कुणाच्याच यादीत नसतात. झोपलेल्याला उठवू नका. आणि फोटो काढू नका.

शिवणटिपण
फोटो नाही काढले तर वर्गणी देणाऱ्यांना काय दाखवायचं?

कपबशी
बिलं.

शिवणटिपण
बिलं कोणी बघत नाही हो. फोटो बघून पुढच्या वर्षी दुप्पट वर्गणी जमली आमची.

उंटावरचा_शहाणा
अवांतर: हे मुळात सरकारचं काम आहे. कॉलेजच्या पोरांनी अभ्यास करावा.

नाना_म्हणे
सरकारवर वेगळा धागा काढा, तिथे येतो.

पहाटवारा
सगळ्यांचे आभार. काल ग्रुपमध्ये मतदान झालं. फ्लीसची, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापडाची, पातळ ब्लँकेटं घेतोय. माहितीये, इथे कोणीच हे सुचवलं नाही. पण घडी करून पिशवीत जातात, लवकर वाळतात आणि वर्गणीत बसतात. शिजवलेलं जेवण रद्द, आमच्याकडे ते कढत ठेवायची सोय नाही. मऊ फळं आणि बिस्किटं नेऊ. पुठ्ठे गोळा करायला सुरुवात केलीये. सेफ्टी पिना आणि पॅडही घेतोय. पैसे उरले तर मोजे.

जुना_ट्रेकर
फ्लीसमधून वारा आरपार जातो. सांगून ठेवतोय.

शिवणटिपण
ठरलंच होतं तर विचारलं कशाला?

पहाटवारा
@वॉर्डातली_ताई, मोजे फ्री साइज चालतील का?

वॉर्डातली_ताई
मोठ्या मापाचे घ्या, वरचं इलॅस्टिक सैल बघून. बसून रात्र काढणाऱ्यांचे पाय सुजलेले असतात, घट्ट मोजे रुततात.