'रन' म्हणजे पळणं, मग पर्यटक दर वाक्यात काय पळवतात?

खुलताबादचा_गडी:
नमस्कार मंडळी. वेरूळला लेणी दाखवायचं काम शिकायलोय. शाळेत रन म्हणजे पळणे एवढंच झालं. इथं मात्र परदेशी पाहुण्यांच्या तोंडी तो शब्द सारखा येतो. कैलास लेण्यापुढं एक बाई म्हणाल्या, "रन दॅट बाय मी अगेन." त्यांचे मिस्टर म्हणाले, "वी आर रनिंग लो ऑन वॉटर." ग्रुपमधले एक काका हॉटेलवरच थांबले होते, कारण म्हणे "ही हॅज द रन्स." नेमके अर्थ सांगा. असे आणखी असतील तर तेबी लिहा, मला हे नीट शिकायचंय.

फर्दापूरचा_गाईड:
लेका, चांगलं विचारलंस. बाई म्हणत होत्या, परत एकदा सांगा. राष्ट्रकूट, कृष्णराजा ही नावं त्यांच्या कानाला नवी असतात. सावकाश सांगायचं, आठवं शतक तर दोनदा सांगायचं. मिस्टरांचं पाणी संपत आलं होतं. 'रन आउट ऑफ वॉटर' म्हणाले की समज, संपलंच.

'द रन्स' म्हणजे हगवण. हा बोलण्यातला मोकळा शब्द, दोस्तांत चालतो. तू पाहुण्यांशी बोलताना 'अपसेट स्टमक' म्हण, आणि काकांना मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस मिळालं का ते आधी विचार.

आमच्याकडं अजिंठ्याला विचारतात, "डझ द रिव्हर रन ऑल इयर?" म्हणजे खालची वाघूर बारा महिने वाहती का. "डू द बसेस रन ऑन मंडे?" म्हणजे फाट्यावरून लेणीपर्यंतच्या बस सोमवारी चालू असतात का. अशा वेळी लगेच सांगायचं की अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. "कॅन यू रन अस टू दौलताबाद?" म्हणजे गाडीनं तिथवर सोडता का.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, "हॅव द कलर्स रन?" रंग ओघळले का, एकमेकांत उतरले का. ह्याला नुसतं हो-नाही म्हणून पुढं जाऊ नको. ही चित्रं कोरड्या गिलाव्यावर काढलेली आहेत, त्यामुळं ओल त्यांची वैरीण. माणसांच्या श्वासातला दमटपणासुद्धा त्यांना बाधतो. एवढं कळलं की लोक आपणहून भिंतीपासून मागं सरकतात.

पाठ करत बसू नको, कोण 'रन' करायलंय ते बघ. बस, दुकान, मशीन, कार्यक्रम असला की आपलं 'चालणं' बसतं. पाणी, नाक, रंग असला की वाहणं, गळणं, ओघळणं.

लातूरची_बाई (इंग्रजी शिकवते):
दादांनी छान सांगितलं. थोडी भर घालते. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत जास्त अर्थ 'सेट'चे होते, ४३०. पुढे नव्याने काम झालं तेव्हा 'रन' ६४५ वर गेला. यंत्रं, रेल्वे, कंपन्या आल्या तसा तो वाढत गेला.

अमेरिकन माणूस निवडणुकीला 'रन' करतो, ब्रिटिश 'स्टँड' करतो. दोन्ही म्हणजे उभं राहणं. 'रनिंग अ फीवर' म्हणजे अंगात ताप आहे. 'रनिंग हिज माउथ' म्हणजे नको तिथं तोंड चालवणं, हे तुम्ही कुणाला म्हणू नका.

खुलताबादचा_गडी:
लई उपकार झाले. आणखी एक. एका पाहुणीनं गावातल्या जुन्या वाड्याला 'रन डाउन' म्हटलं, आणि तिच्याच सोबतीणीनं मला "गिव्ह मी द रनडाउन" म्हटलं. दोन्ही एकच का?

फर्दापूरचा_गाईड:
नाही. वाडा रन डाउन म्हणजे मोडकळीला आलेला. माणसाला म्हटलं तर थकलेला, अंगातलं बळ गेलेला. सोबतीणीला मात्र सगळी माहिती थोडक्यात पाहिजे होती. असं कुणी म्हटलं की त्यांच्याकडं वेळ कमी आहे हे ओळखायचं. चौतीसच्या चौतीस लेणी फिरवू नको. सोळा नंबर पोटभर दाखव, मग दहा, आणि ऊन उतरलं असलं तर बत्तीस.