शब्दचर्चा: ‘राखीव’, ‘राखलेला’ की ‘संरक्षित’?

पैलतीर
टोरंटोतील आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी आइस हॉकीवर लेख लिहीत आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये नवा संघ दाखल होतो, तेव्हा त्याला जुन्या संघांकडून प्रत्येकी एक खेळाडू उचलण्याचा हक्क मिळतो. त्याआधी प्रत्येक जुन्या संघाला, आपल्या कोणकोणत्या खेळाडूंना हात लावता येणार नाही, याची यादी द्यावी लागते. २०१७ मध्ये व्हेगास गोल्डन नाइट्स आणि २०२१ मध्ये सिॲटल क्रॅकन हे संघ असेच उभे राहिले. या यादीत सात आघाडीपटू, तीन बचावपटू आणि एक गोलरक्षक, किंवा मग कोणत्याही जागी खेळणारे आठ आणि एक गोलरक्षक, एवढेच बसतात. यादीतल्यांना मी ‘राखीव खेळाडू’ म्हटले होते. संपादकांनी ते खोडून ‘संरक्षित खेळाडू’ केले, कारण राखीव म्हटले की मराठी वाचकाला बाकावर बसलेला बारावा गडी दिसतो. हा आक्षेप मला मान्य आहे. पण ‘संरक्षित’ वाचले की किल्ल्याच्या दारावरचा पुरातत्त्व खात्याचा निळा फलक आठवतो. शिवाय यादीबाहेर राहिलेल्यांना काय म्हणावे, हा प्रश्न उरतोच. सुचवावे.

आडवाट
यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही. आयपीएलच्या बातम्यांत ‘कायम राखले’ हा प्रयोग चांगला रुळला आहे. २०२१ च्या अखेरीस लखनऊ आणि अहमदाबाद हे दोन संघ वाढले, तेव्हा मुंबईने रोहित शर्मा, बुमरा, सूर्यकुमार यादव आणि पोलार्ड यांना कायम राखले. हार्दिक पंड्या सुटला, त्याला गुजरातने लिलावाआधीच १५ कोटींना घेतले आणि २०२२ मध्ये पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवले. तुमच्या हॉकीत घडते ते याहून फारसे निराळे दिसत नाही.

पैलतीर
फरक तिथेच आहे, आणि तो मोठा आहे. आयपीएलमध्ये ज्याला कायम राखले नाही, त्याचा संघाशी असलेला करार संपतो. एनएचएलमध्ये यादीबाहेरचा खेळाडूही आपल्याच संघाचा असतो. त्याच्यासारख्या अनेकांतून फक्त एक जण जातो आणि बाकीचे होते तिथेच राहतात. २०२१ मध्ये मॉन्ट्रियलचा गोलरक्षक केरी प्राइस याच्या करारात, त्याच्या संमतीवाचून त्याला हलवता येणार नाही, अशी अट होती. अशा खेळाडूला यादीत घेणे संघाला भागच असते. प्राइसने ती अट आपणहून बाजूला ठेवली, त्यामुळे त्याच्या जागी दुसरा गोलरक्षक जेक ॲलन यादीत बसला. सिॲटलने प्राइसला घेतलेच नाही आणि तो मॉन्ट्रियलचाच राहिला. ‘मॉन्ट्रियलने प्राइसला कायम राखले नाही’ असे मी लिहिले, तर ते धादांत खोटे ठरेल. ‘वगळलेला’ आणि ‘करारमुक्त’ हेही शब्द याच कारणासाठी बाद होतात.

रानपाखरू
माझी सगळी नोकरी वनखात्यात झाली, म्हणून एक गोष्ट नोंदवते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘राखीव वन’ आणि ‘संरक्षित वन’ हे दोन वेगळे वर्ग आहेत. राखीव वनात परवानगी दिलेली नसेल ती प्रत्येक गोष्ट मना असते. संरक्षित वनात मनाई केलेली नसेल ती गोष्ट चालते. म्हणजे ‘संरक्षित’ हा ‘राखीव’पेक्षा सैल शब्द आहे. नव्या संघाला मुळीच हात लावता येऊ नये, एवढी कडक बंदी सांगायची असेल, तर संपादकांनी उलट्या दिशेने दुरुस्ती केली आहे. बारावा गडी टाळायचा असेल, तर ‘राखलेला’ लिहावे. ‘कुरण राखले आहे’ म्हटल्यावर तिथे दुसऱ्याची गुरे शिरणार नाहीत, हे गावात कोणालाही कळते. शब्द आपला आहे आणि संस्कृतच्या कुबड्यांवाचून उभा आहे.

मोडीवाचक
कुबड्यांची भाषा नको. ‘राखणे’ आणि ‘संरक्षण’ या दोन्हींचा धातू ‘रक्ष्’ हाच आहे. एक प्राकृतातून झिजून आला, दुसरा संस्कृतातून थेट उचलला. दोघांपैकी एकाला घरचा आणि दुसऱ्याला उपरा ठरवणे हे व्युत्पत्तीला धरून नाही. ‘संरक्षित’ लिहिल्याने कोणतेही पाप घडत नाही, आणि लेखात पहिल्याच ठिकाणी अर्थ सांगितला, तर वाचक वनखात्याच्या वर्गवारीत अडकणार नाही.

मला खरी अडचण दिसते ती पुढे. यादीत बसू न शकलेल्या खेळाडूला वाचवण्यासाठी जुने संघ नव्या संघाला जे देऊ करतात, त्याला काय म्हणायचे? ॲनाहाइमकडे चांगले बचावपटू गरजेपेक्षा जास्त होते. व्हेगासने व्हातानेन आणि मॅन्सन यांना सोडून क्लेटन स्टोनरला घ्यावे, म्हणून त्यांनी शे थिओडोर हा तरुण खेळाडू व्हेगासला देऊन टाकला. लीगमध्ये दरवर्षी नवोदित खेळाडूंची फेरीफेरीने निवड होते; कोलंबसने तर आपले इतर खेळाडू वाचवण्यासाठी त्यातले २०१७ च्या पहिल्या फेरीतील आणि २०१९ च्या दुसऱ्या फेरीतील निवडीचे हक्क दिले, आणि व्हेगासने विल्यम कार्लसनला उचलले. आदल्या हंगामात अवघे ६ गोल केलेल्या या खेळाडूने पुढच्या हंगामात ४३ केले. याला ‘अदलाबदल’ म्हणवत नाही, कारण जुन्या संघाच्या हाती नवे काहीच येत नाही. आपल्याकडे यासाठी तयार शब्द आहे: चौथाई. महसुलाचा चौथा हिस्सा दिला, की मराठ्यांच्या स्वारीपासून मुलूख वाचत असे.

आडवाट
ही उपमा मला मुळीच मान्य नाही. चौथाई घेणाऱ्याच्या मागे फौज असे. व्हेगासकडे त्या दिवशी संघ म्हणावा असा संघही नव्हता. त्यांनी प्रवेशासाठी ५० कोटी डॉलर मोजले होते आणि त्या बदल्यात लीगने त्यांना हा हक्क दिला होता.

मोडीवाचक
हक्क हीच फौज. ज्याला तुमचा माणूस उचलता येतो, त्याच्याशी तुम्हाला तडजोड करावी लागते. मग त्याचे सैन्य घोड्यावर असो वा नियमावलीत. पिट्सबर्गने काय केले ते पाहावे. मॅट मरी या गोलरक्षकाला यादीत ठेवायचे, तर मार्क-आन्द्रे फ्लरीला बाहेर ठेवणे भाग होते. व्हेगासने फ्लरीलाच न्यावे म्हणून त्यांनी वर दुसऱ्या फेरीतील निवडीचा हक्क दिला, आणि त्याच गोलरक्षकाने व्हेगासला पहिल्याच वर्षी स्टॅनली चषकाच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीपर्यंत नेले.

रानपाखरू
चौथाई म्हटले की घेणाराच डोळ्यांपुढे येतो. इथे तर देणाऱ्याचे मन कळायला हवे. दळणाचे ‘दळणावळ’ होते, तशी राखण्यासाठी मोजलेली किंमत ती ‘राखणावळ’. शब्द उच्चारताक्षणी अर्थ उलगडतो आणि तुमच्या ‘राखलेला’शी त्याचे नातेही जुळते.

पैलतीर
‘राखणावळ’ मला फार आवडला. ॲनाहाइमच्या परिच्छेदात तो आजच घालतो. यादीबाहेरच्यांसाठी ‘उघडा’ लिहून पाहिले, पण ‘सेंट लुइसने तारासेन्कोला उघडे ठेवले’ हे वाक्य मराठीत उभे राहत नाही. ‘खुला’ म्हटले की आरक्षणाचा खुला प्रवर्ग मनात येतो.

मोडीवाचक
‘राखणावळ’ छापण्याआधी फ्लॉरिडाचा विचार करावा. त्यांनी जोनाथन मार्शेसोला यादीबाहेर ठेवले, तेही त्याने ३० गोल केलेल्या हंगामानंतर. व्हेगासने त्याला उचलावे या बोलीवर त्यांनी रायली स्मिथही देऊन टाकला आणि बदल्यात चौथ्या फेरीतील निवडीचा एक हक्क घेतला. स्मिथच्या मोठ्या कराराचा भार त्यांना उतरवायचा होता. इथे राखले कोणाला? पुढे २०२३ मध्ये व्हेगासने चषक जिंकला, तेव्हा बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान याच मार्शेसोला मिळाला. या व्यवहाराला ‘राखणावळ’ म्हणता येणार नाही, आणि ‘चौथाई’ही म्हणता येणार नाही, हे मीच सांगतो.

आडवाट
मग तिथे सरळ ‘सौदा’ लिहावे.

रानपाखरू
सौद्यात दोन्ही बाजूंना काही ना काही लाभावे लागते. फ्लॉरिडाला काय लाभले, हे आधी कोणी सांगावे.